हळदीचे डाग

पुराभिलेखागारातल्या चेहरायंत्रापुढे दगडू लोहकरे सकाळपासून बसून होते. सत्तरी उलटली तरी आईचा चेहरा आठवत नव्हता, फोटोही नव्हता. उरला होता फक्त धरणात गेलेल्या जमिनीसाठी तिनं दिलेला अर्ज. कागदात हाताचा घाम मुरलेला असला, की हे यंत्र त्यावरून माणसाचा चेहरा उभा करी.

तिथं जुने कागद जतन करणाऱ्या निर्मला केळुसकरांनी अर्ज यंत्रात सरकवला. पडदा कोराच राहिला.

मग कागदाच्या मागच्या बाजूला सफाईच्या नोंदीखाली स्वतःचीच सही दिसली आणि त्यांना आठवलं. वीस वर्षांपूर्वी या अर्जाच्या कोपऱ्यावर हळदीच्या बोटांचे मळकट डाग होते. तीन दिवस खपून, कागद धुऊन त्यांनी ते काढले होते. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती.

"डाग मीच पुसले, दादा," त्या कशाबशा म्हणाल्या. "तिच्या बोटांचे होते."



"असू द्या, ताई. ती कामसू होती म्हणतात. तिलाबी डाग खपला नसता."

अर्ज हातात घेण्याआधी दगडूंनी तळवे सदऱ्याला पुसायला घेतले. निर्मलाबाईंनी पटकन त्यांचं मनगट धरलं.

"नका पुसू, दादा. असेच धरा."