दोन कार्बोरेटर

कव्हरच्या दोरीची गाठ त्याची नव्हती.

तो नेहमी सरकती गाठ मारायचा, एका ओढीत सुटणारी. ही साधी होती, करकचून आवळलेली. दुकानातून नुकताच परतलेला तो पिशवी खाली न ठेवताच गॅरेजच्या दारात उभा राहिला. मग त्याने गाठ सोडवली आणि कव्हर ओढून काढलं.

गाडी जागेवर होती. दोन सीटची, बिनटपाची, साठ वर्षांपूर्वीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. गंजलेला सांगाडा आणून त्याने सात वर्षं खपून ती उभी केली होती. कुठे ओरखडा नव्हता, काही गेलेलं नव्हतं. फक्त हत्यारांच्या ट्रेमध्ये अर्ध्या इंचाचा पाना भलत्याच खाचेत पडला होता. चष्मे बनवणारा माणूस तो. केसाएवढी चूक त्याला खपत नसे. हे त्याच्या हातून झालेलं नव्हतं.

"दुपारी कोणी आलं होतं का गं?" त्याने स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

"कोण येणार?" बायको म्हणाली. ती कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही.

तो परत गॅरेजमध्ये गेला आणि त्याने इंजिन सुरू केलं. त्या इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळणारे दोन कार्बोरेटर होते आणि त्या दोघांचं कधी म्हणून पटलं नव्हतं. एक जास्त हवा ओढायचा, दुसरा कमी, आणि गाडी उभ्या जागी धापा टाकायची. त्यापायी त्याने पुस्तकं पालथी घातली होती, स्क्रू फिरवून फिरवून गुळगुळीत केले होते. आज धाप निम्म्याने कमी झाली होती.

खरं तर आनंद व्हायचा. त्याने वळून ट्रेमधल्या त्या पान्याकडे पाहिलं.

"वा! खोकला गेला की हो बाईसाहेबांचा!" कुंपणापलीकडून गाडीकडे हात करून शेजारी म्हणाले. सगळे त्यांना जहाजवाले म्हणत. उभा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढून ते आता घरी बसले होते. दिवसभर घरीच असत. हॉस्पिटलची नोकरी संपल्यापासून त्याची बायकोही दिवसभर घरीच असे. हे त्याच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. आता आलं.

दुसऱ्या सकाळी त्याने बॉनेटच्या फटीवर पांढरा दोरा चिकटवला. संध्याकाळी दोरा तुटलेला होता. जेवताना त्याने बायकोच्या हातांकडे पाहिलं. नखं घासघासून पांढरीफटक केलेली.

"पेट्रोलचा वास येतोय तुझ्या हाताला."

"डाग काढत होते कपड्यावरचा."

उत्तर फार पटकन आलं, असं त्याला वाटलं.

शुक्रवारी दुपारी त्याने डोळे तपासायला आलेल्या गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगितलं आणि दुकानाचं शटर खाली ओढलं. स्कूटर कोपऱ्यावरच ठेवून तो चालत आला. जहाजवाल्यांच्या दाराला कुलूप होतं. म्हणजे स्वारी इकडेच, त्याने मनाशी ठरवून टाकलं.

फाटकाशी येताच त्याला इंजिनाचा आवाज ऐकू आला. एकसारखा, मऊ, कुठे अडखळत नसलेला. ते आपलंच इंजिन आहे हे कळायला त्याला क्षणभर वेळ लागला. तो चवड्यांवर चालत गॅरेजच्या खिडकीपाशी गेला आणि आत डोकावला.

आत बायको एकटीच होती.

बॉनेट उघडं होतं. तिच्या हातात रबरी नळी होती. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं तिच्या कानात. डोळे मिटलेले. तिने नळी पुढच्यावरून मागच्याकडे नेली, ऐकलं, स्क्रू किंचित फिरवला, पुन्हा ऐकलं.

"तू?" तो दारातून म्हणाला.

ती दचकली नाही. "मीच," ती म्हणाली. "कोण हवं होतं?"

"तुला हे कसं येतं?"

"सात वर्षं टॉर्च धरून उभी होते ना शेजारी! आणि ऐकायचं म्हणाल, तर बाळंतिणींच्या वॉर्डात तीस वर्षं दुसरं काय केलं? जुळी असली की असंच. आधी एकाचे ठोके ऐकायचे, मग दुसऱ्याचे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं एकदा. मागचा जास्त फुसफुसतोय म्हटलं. तुम्ही म्हणालात, टॉर्च नीट धर."

त्याला आठवेना. तो ओठांवरून जीभ फिरवत म्हणाला, "मला वाटलं, जहाजवाले..."

बायकोने कानातली नळी काढली, सावकाश गुंडाळली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"ते असते तर बरं वाटलं असतं का तुम्हाला?"

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं. मग ते मिटून तो मागच्या कार्बोरेटरकडे पाहू लागला.

तिने चिंधीला हात पुसले. "एवढ्यात बंद करू नका. चांगलं तापू दे. मग एकदा शेवटचं ऐकते," असं म्हणून ती आत गेली. स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आवाज आला.

तो गाडीजवळ उभा राहिला. इंजिन एका लयीत चाललं होतं. मडगार्डवर तिने ठेवलेला स्क्रू-ड्रायव्हर जरासुद्धा थरथरत नव्हता. त्याने तो उचलला. घराच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग वाकून मागच्या कार्बोरेटरचा तिने जुळवलेला स्क्रू अर्धा आटा उलटा फिरवला.

इंजिन अडखळलं. धापा टाकू लागलं.

आत नळ बंद झाला.