मोरीच्या दाराशी

करी रोडच्या टॉवरला आग लागली तेव्हा मेघना वरच्या मजल्यावर ऑफिसात होती. धुरात चाचपडत जिना उतरली. अंगावर ओरखडाही नाही. पण तेव्हापासून तिची झोप उडाली, जेवण सुटलं, बोलणंही बंद झालं. शेवटी नवऱ्याने, राहुलने, तिला काळाचौकीला कमलआत्याकडे आणून सोडलं. लहानपणीच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या तिने चाळीतल्या याच खोलीत काढल्या होत्या.

"बोलू नको, बाय. पेज पी," आत्या एवढंच म्हणाली. पेजेवर तूप, बाजूला लोणच्याची फोड. मेघनाने चार घोट घेतले. मग आत्याने तिला पुढ्यात बसवून डोक्यावर कोमट खोबरेल थापलं. पूर्वी सुट्टीत गॅलरीत पोरींची अशीच रांग लागायची, आणि पहिला नंबर कुणाचा यावरून मेघना आणि सुचित्राची भांडणं. आत्याची बोटं तीच होती.

"चल, आता न्हाऊन घे."

मोरीत वाफ दाटली होती. मेघना उंबऱ्यावरच थिजली. तिला ती वाफ वाटेचना.

आत्याच्या ते लक्षात आलं. तिने बादलीत गार पाणी ओतलं, झरोका उघडला. "दार उघडाच रवांदे. मी हयसर बसतंय, पाठ करून."

आणि चौकटीला टेकून ती जुनी चाळ सांगायला लागली.

"पहिली खोली सीताराम मास्तरांची. टीव्ही त्यांच्याकडेच, म्हणून रविवारी सगळी चाळ तिथे. दुसरी गुणाजीची. रात्रपाळी करून यायचा आणि भर दुपारी घोरायचा..."

आत पहिला तांब्या अंगावर पडला. मग दुसरा.

"चौथी मीराबाईची. तिच्या पोरीच्या लग्नात नवरीचा गजरा तू ओढलास."

"मी नाही. सुचित्राने." आवाज घोगरा, पण स्पष्ट.

आत्याने वळून पाहिलं नाही. "सुचित्रान? मगे मार तुका कित्याक गावलो?"

"मी हसले म्हणून."

तांब्या खाली पडला. पाठोपाठ हुंदका, आणि मग मोकळं, मोठ्याने रडणं. शेजारची प्रिती धावत आली. आत्याने तिला हातानेच परत पाठवलं आणि बसून राहिली, पदर तोंडाला लावून.

हळूहळू पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"आत्या," आतून मेघनाने विचारलं, "पाचवी कुणाची होती गं?"