शाळा नमली

नम्रताची लेक सृष्टी अभ्यासात मागे पडते म्हणून शाळेने तिला सहावीत घ्यायला नकार दिला. जावेची अन्विता मात्र त्याच शाळेत राहिली. सकाळी अन्विताची स्कूलबस सोसायटीत आली, की नम्रताचा जळफळाट व्हायचा. सृष्टीला तिने महापालिकेच्या शाळेत घातलं, पण शिक्षणाधिकाऱ्यांकडची तक्रार सोडली नाही. दिवाळीनंतर शाळा नमली.

“सोमवारपासून जुन्या शाळेत जायचं. तुझ्या काकूचं तोंड कसं होतं, ते बघायचंय मला,” नम्रता म्हणाली.

“मग तू जा,” पोळीचा घास घेत सृष्टी म्हणाली. “मला इथल्या मुली खेळायला घेतात. तिथे तर मी बहीण आहे हेसुद्धा अन्विता कुणाला सांगायची नाही.”

“तुला राग नाही येत तिचा?”

“कशाला येईल?”

नम्रता लेकीकडे बघत राहिली. आज तिला जावेचा नाही, पोटच्या पोरीचा हेवा वाटला.