रिकामा डबा

घरातल्या रोजच्या गोष्टी एआयला शिकवणं ही रसिकाची नोकरी. आई गेल्यानंतर आज पहिल्यांदाच ती आबिड्स भागातल्या ऑफिसात आली होती. स्क्रीनवर प्रश्न होता: शेजारणीने डब्यातून आमटी दिली, तर दुसऱ्या दिवशी काय करावं? एआयचं उत्तर: "डबा धुऊन परत द्यावा." रसिकाने दुरुस्त केलं, "रिकामा देऊ नये. चिमूटभर साखर तरी घालावी." आई तसंच करायची. संध्याकाळी शेजारच्या खाला, म्हणजे उर्दू बोलणाऱ्या मावशी, डब्यातून खट्टी दाल घेऊन आल्या. आई गेल्यापासून रोजच येत होत्या. रसिकाने कालच्या डब्यात साखर घालून दिली. खालांनी झाकण उघडून साखर रसिकाच्या बरणीत परत ओतली. "नक्को मां," त्या रसिकाला म्हणाल्या. "अब्बी तेरे लेने के दिन हैं." दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात रसिकाने त्या उत्तराखाली ओळ जोडली: कधीकधी डबा रिकामाच द्यावा. एआयने विचारलं, "कधी?" तिने लिहिलं, "ते शेजारणीला कळतं."