डाळिंबाची काडी

"खाण्याचं, झाडाचं, जनावराचं काहीही असलं तरी विमानात देतात त्या फॉर्मवर 'होय'च्या चौकोनात खूण कर, आई." दिग्विजय ऑस्ट्रेलियातून फोनवर तिसऱ्यांदा सांगत होता.

"आन् न्हाय केली तर?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"लपवलेलं सापडलं तर व्हिसा रद्द. सरळ परत पाठवतात."

"खरंच पाठवत्यात? मानसाला?"

"ओळखीतल्या एका आजोबांना पाठवलं की! पिशवीत काय, तर रोपं. असलं काही करू नकोस, पाया पडतो. सृष्टी कामावर जायला लागली, की बाळाला तुझ्याशिवाय कोण आहे?"

लेकाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं. सहा महिने ये म्हणाला, तेव्हाही त्या 'बरं' म्हणाल्या होत्या.

कन्हेरीच्या घरात गेणबा, त्यांचे मालक, खाटेवर पडून होते. अर्धं अंग गेलेलं, वाचा बसलेली. बायकोशिवाय दुसऱ्या कुणी घास पुढं केला की तोंड मिटून घ्यायचे. त्यांना सांभाळायला निरवांगीहून बहीण आली होती, धोंडाबाई.

"वैनी, नाचणीचं पीठ एवढंच दळलं? चार दिस पुरंल. आन् ब्यागेत लुगडी दोनच? परदेशात चाललाय का बाजारला?"

"असू द्या वन्सं."

निघताना त्यांनी बागेतली डाळिंबाची काडी कापली, ओल्या मातीसकट फडक्यात बांधली आणि बॅगेच्या तळाशी दडवली. मग गेणबांच्या कानाशी लागून कायसं पुटपुटल्या. गेणबांनी चांगल्या हातात धरलेला पदर हळूच सोडला. धोंडाबाईनं चमचा पुढं केला, तर पहिल्यांदाच तोंड उघडलं.

विमानात शेजारच्या मुलीनं फॉर्मवरचे चौकोन समजावून दिले. द्वारकाबाईंनी नीट ऐकून घेतलं. खूण त्यांनी 'नाही'च्या चौकोनात केली.

उतरल्यावर रांगेत एक कुत्रं बॅगा हुंगत आलं. कुत्रं त्यांच्या बॅगेपाशी घुटमळलं आणि पुढं निघून गेलं. त्या मान वळवून त्याच्याकडं बघत राहिल्या.

अधिकाऱ्यानं फॉर्म पाहिला, हसून जा म्हणून हात केला. समोरचं दार उघडलं. पलीकडं दिग्विजय बाळाला उंच धरून उभा होता.

द्वारकाबाईंनी बाळाला डोळे भरून पाहिलं. मग माघारी वळल्या, बॅग उघडली, फडकं सोडून काडी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवली आणि फॉर्मवरच्या खुणेवर बोट टेकवलं.

"चोरून आनलीया," त्या म्हणाल्या. "आता धाडा मला माघारी. चार दिसांत येते म्हनून मालकास्नी सांगून आलीया."