एकोणीस वर्षांचा नवस

अक्कांचा मुलगा रणवीर देवासात फुटबॉल क्लब चालवायचा. क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये जाईपर्यंत गोड खाणार नाही, असा नवस अक्का टेकडीवरच्या देवीला बोलल्या होत्या. एकोणीस वर्षं त्यांनी चहासुद्धा बिनसाखरेचा घेतला.

आज रणवीर पेढे घेऊन आला. "अक्का, क्लब वर गेला. घ्या आता."

त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. जर्सीवर भलत्याच शहराचं नाव होतं.

"विकला मी, मागच्या साली. झेपेना. तुम्हाला सांगायची हिंमत नाही झाली."

"मग आपलं काय राहिलं रे त्यात?"

"स्थापनेचं साल," तो म्हणाला. "तेवढं ठेवलंय त्यांनी."

अक्का पेढा हातात धरून बसून राहिल्या. खावा तर क्लब परका, न खावा तर देवी खोटी पडत होती.