काळं गलबत

हेमंतने अल्बम उघडून आजगावकरांच्या पुढ्यात ठेवला. ‘दर्यावर्दी’ची सगळी कार्डं त्यात होती, फक्त शेवटचा कप्पा रिकामा होता.

“‘काळं गलबत’ तेवढं राहिलं,” तो म्हणाला. “खेळ तुम्हीच तयार केला होता. बंद पडला तरी तुमच्याकडे एखादं असेल, म्हणून आलो. माझ्या धाकट्या भावाला मिळालं होतं, पण त्याने दडवून ठेवलं.”

आजगावकर ओशाळले. “त्याला कसं मिळेल? ते आम्ही छापलंच नव्हतं. पोरांनी पाकिटं घेत राहावं म्हणून यादीत नुसतं नाव टाकलं होतं. पुढच्या संचात काढणार होतो, त्याआधीच कंपनी बुडाली.”

हेमंत रिकाम्या कप्प्याकडे बघत राहिला. लहानपणी शिरीषने गल्लीतल्या पोरांसमोर फुशारकी मारली होती, काळं गलबत आपल्याला मिळालंय म्हणून. हेमंतने त्याचं दप्तर उपसलं, गादी उसवली. कार्ड लपवून भाऊ खोटं बोलतोय, हे तेव्हा मनात बसलं ते बसलंच. पुढे भांडणाला कारणं वाढत गेली, तरी मुळाशी ते कार्डच होतं.

आजगावकरांनी कपाटातून त्या कार्डासाठी केलेलं मूळ चित्र काढून दिलं. “घेऊन जा. भावाला दाखवा.”

दवाखान्यात, शेवटच्या दिवशी, शिरीषने हेमंतचं मनगट धरलं होतं. “दादा, मी थाप मारली होती रे. नव्हतंच ते माझ्याकडे.”

हेमंतने हात सोडवून घेतला होता. मरताना तरी याने खरं बोलावं, एवढंच तेव्हा त्याच्या मनात आलं होतं.